ठिपक्यांचा दगड आणि एक सीलबंद नळी: मंगळावरील प्राचीन जीवाच्या शोधातील एक प्रकरण

या लेखात एकाच दगडाची कथा आहे. जुलै २०२४ मध्ये मंगळावरच्या एका कोरड्या नदीपात्रात तो सापडला, त्याचा नमुना काढल्यावर चार दिवसांत त्याची बातमी जगभर गेली आणि त्याबद्दल नेमके काय म्हणता येईल हे ठरवायला शास्त्रज्ञांच्या गटाला पुढे वर्षाहून अधिक काळ लागला. गटातील व्यक्तींची नावे येथे घेतलेली नाहीत. निर्णय गटाचे होते आणि ते तसेच पाहिलेले बरे. हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते निर्णयांमुळे. दुसऱ्या ग्रहावरच्या जीवाश्माचा पुरावा हाताशी आल्यासारखा दिसतो, तेव्हा कोणत्या क्षणी काय करायचे आणि काय बोलायचे, याचा इतका स्वच्छ नमुना अन्यत्र मिळत नाही.

पार्श्वभूमी

नासाचा पर्सिव्हरन्स हा रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरला. सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या या विवरात साडेतीन अब्ज वर्षांहूनही आधी सरोवर होते आणि पश्चिमेकडून येणाऱ्या नदीने त्यात गाळ टाकून त्रिभुज प्रदेश उभा केला होता. जागेच्या निवडीमागचा तर्क सरळ होता. मंगळावर जीव असलाच तर तो सूक्ष्मजीवांच्या पातळीवरचा असणार, आणि सूक्ष्मजीवांचा मागमूस पाण्याखाली शांतपणे बसलेल्या बारीक गाळात सर्वांत चांगला टिकतो. रोव्हरकडे नमुन्यांसाठी एकूण ४३ नळ्या होत्या. त्यांपैकी पाच ‘साक्षीदार’ नळ्या होत्या, म्हणजे पृथ्वीवरून सोबत गेलेली अशुद्धी ओळखता यावी म्हणून ठेवलेल्या. उरलेल्या ३८ नळ्यांमध्ये मंगळावरचे निवडक नमुने भरायचे आणि पुढे कधीतरी दुसऱ्या यानाने ते पृथ्वीवर आणायचे, अशी मूळ आखणी होती.

जीवाश्म म्हटले की शंख, शिंपला किंवा हाड डोळ्यांसमोर येते, पण येथे शोध त्याचा नाही. पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या खडकांतसुद्धा जीवाचा पुरावा म्हणजे बहुतेकदा थरांची विशिष्ट ठेवण किंवा रसायनांचे विशिष्ट प्रमाण एवढाच असतो, आणि त्यावरही वाद होतात. ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सुमारे ३.४८ अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत स्ट्रोमॅटोलाइटचे, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांवर गाळ साचत जाऊन बनलेल्या रचनांचे, थर आहेत आणि ते बऱ्यापैकी मान्य झालेले आहेत. ग्रीनलंडमधील इसुआ येथे ३.७ अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत शंकूसारखे आकार सापडल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले, पण दोनच वर्षांत दुसऱ्या गटाने तेच आकार त्रिमितीत तपासले आणि खडक दाबला-ताणला गेल्यामुळे ते तयार झाले असावेत, असे दाखवले. पृथ्वीवर, हातोडी घेऊन प्रत्यक्ष जागेवर जाता येत असताना ही स्थिती आहे. मंगळावर तर हातोडीही दूरून चालवायची आहे.

या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आणखी एक आठवण असते. अंटार्क्टिकातील अ‍ॅलन हिल्स येथे १९८४ मध्ये १.९३ किलो वजनाची एक अशनी सापडली. ती मंगळावरून आल्याचे सुमारे दहा वर्षांनी लक्षात आले. ऑगस्ट १९९६ मध्ये एका गटाने तिच्यात प्राचीन मंगळी जीवाच्या खुणा असू शकतात असे मांडले आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यावर जाहीर निवेदन केले. पुरावे चार होते: कार्बोनेटचे गोळे, सेंद्रिय संयुगे, विशिष्ट आकाराचे मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह खनिजाचे स्फटिक आणि २० ते १०० नॅनोमीटर आकाराच्या अळीसारख्या आकृत्या. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या अळ्या, कारण त्या छायाचित्रात दिसत होत्या. आणि सर्वांत आधी कोसळल्या त्याही त्याच. स्वतंत्रपणे जगणाऱ्या पेशीला आवश्यक ती यंत्रणा मावण्यासाठी किमान सुमारे २०० नॅनोमीटर व्यास हवा, असा निष्कर्ष १९९९ च्या अहवालात निघाला. मॅग्नेटाइटचे स्फटिक कार्बोनेट तापवूनही बनतात, हे प्रयोगशाळेत दाखवले गेले. सेंद्रिय द्रव्यातील काही भाग अंटार्क्टिकाच्या बर्फातूनच शिरलेला होता. चारही गोष्टींना जीवाशिवायचे एकेक स्पष्टीकरण मिळाले आणि मूळ दावा उभा राहू शकला नाही. २०२४ मधला गट या अनुभवाच्या सावलीत काम करत होता, आणि त्याचा परिणाम त्यांच्या प्रत्येक वाक्यात जाणवतो.

दगडापर्यंत पोहोचण्याआधी

प्रकरण खरे तर जानेवारी २०२४ पासून सुरू होते, कारण तेव्हा रोव्हरवरचे एक महत्त्वाचे उपकरण बंद पडले. शेरलॉक हे उपकरण हाताच्या टोकाशी बसवलेले आहे. ते अतिनील लेसर दगडावर टाकते आणि परत आलेल्या प्रकाशावरून सेंद्रिय संयुगे ओळखते. त्याच्या भिंगावर धूळ बसू नये म्हणून असलेले हलते झाकण अशा जागी अडकले की वर्णपटमापक आणि एक कॅमेरा निकामी झाले. अभियंत्यांनी झाकणाची लहानशी मोटर गरम करून पाहिली, हात वेगवेगळ्या कोनांत फिरवून पाहिला, ड्रिलचे ठोके देऊन अडकलेला कण सुटतो का हेही पाहिले. मार्चच्या सुरुवातीला झाकण पूर्ण उघडे राहिलेले दिसले. त्यावर विसंबायचे ठरले, पण आता झाकणाबरोबरची फोकस जुळवणारी मोटर वापरता येत नव्हती. मग हातच पुढे-मागे करून नेमके अंतर शोधले गेले आणि ते सुमारे ४० मिलिमीटर निघाले. जूनच्या मध्यावर शेरलॉक पुन्हा कामाला लागले. तो दगड यानंतर जेमतेम महिनाभरात समोर आला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पाच महिन्यांहून अधिक काळ बंद असलेल्या उपकरणाचा नाद सोडून पुढे जाणे कुणालाही पटण्यासारखे होते, कारण मोहिमेचा वेळ मर्यादित असतो आणि बाकीची उपकरणे चालू होती. गटाने तसे केले नाही. शेरलॉक नसते तर या दगडात सेंद्रिय द्रव्य आहे की नाही याची नोंदच झाली नसती, आणि सेंद्रिय द्रव्याशिवाय हे प्रकरण ‘रंगीत ठिपक्यांचा दगड’ एवढ्यावरच संपले असते.

दुसरा आधीचा निर्णय वाटेबाबतचा होता. रोव्हर विवराच्या कडेकडे निघाला होता आणि मूळ मार्गावर मोठमोठ्या शिळांचा भाग आल्यामुळे प्रगती मंद झाली होती. जूनमध्ये चालकांनी वळण घेतले आणि वाळूच्या टेकड्या पार करून रोव्हर नेरेत्वा व्हॅलिस या सुमारे ४०० मीटर रुंद प्राचीन नदीपात्रात उतरवला. कक्षेतून दिसणाऱ्या फिकट रंगाच्या ‘ब्राइट एंजल’ या भागाकडे जाण्याचे आकर्षण होतेच, पण वळण घेण्याची वेळ आणली ती शिळांनी. शोधाच्या कथेत असे वळण नंतर दूरदृष्टीसारखे दिसते. ते वाट मोकळी करण्याचे साधन होते, आणि तेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

दगड आणि अडचण

ग्रँड कॅनियनमधील एका धबधब्यावरून त्या दगडाला ‘चेयावा फॉल्स’ हे नाव देण्यात आले. बाणाच्या टोकासारखा हा दगड लांबीला साधारण एक मीटर आणि रुंदीला ६० सेंटिमीटर आहे. त्यातून पांढऱ्या कॅल्शियम सल्फेटच्या शिरा जातात. त्या पाणी वाहिल्याचा पुरावा देतात. शिरांच्या मधल्या पट्ट्यात लालसर, बारीक कणांचा चिखल दगड होऊन बसलेला आहे. या लाल भागात दोन प्रकारच्या खुणा आहेत: खसखशीच्या दाण्यांएवढे काळपट ठिपके, आणि मिलिमीटरभर आकाराचे फिकट डाग ज्यांच्याभोवती काळी कडा आहे. गटातील लोक दुसऱ्या प्रकाराला ‘बिबट्याचे ठिपके’ म्हणू लागले. मोठ्या पडद्यावर त्याचे जवळचे छायाचित्र पाहिले, तर डागांच्या कडा पुसट पसरत गेलेल्या नसून रेखल्यासारख्या दिसतात आणि प्रत्येक डागाचा आतला भाग शेजारच्या लाल रंगापेक्षा स्पष्ट फिका आहे.

पृथ्वीवर लाल खडकांमध्ये असे फिकट डाग आढळतात. लाल रंग गंजलेल्या, म्हणजे ऑक्सिडीभूत लोहामुळे येतो. सेंद्रिय द्रव्यामुळे किंवा सूक्ष्मजीवांच्या कामामुळे त्या लोहाचे क्षपण झाले, त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, की लोह विद्राव्य होते आणि रंग जातो. काही सूक्ष्मजीव जमिनीखाली नेमके हेच करून जगतात; सेंद्रिय द्रव्यातून इलेक्ट्रॉन काढून ते लोहाला किंवा सल्फेटला देतात आणि या देवाणघेवाणीतून ऊर्जा मिळवतात. पृथ्वीवर अशा डागांचा संबंध भूगर्भातील सूक्ष्मजीवांच्या जीवाश्म नोंदीशी वारंवार जोडला जातो. म्हणून पहिल्या छायाचित्रांनंतर गटात खळबळ उडाली यात नवल नाही.

अडचण त्या शिरांमध्येच लपलेली होती. सल्फेटच्या शिरांमध्ये मिलिमीटरभर आकाराचे ऑलिव्हिनचे कण दिसले. ऑलिव्हिन हे शिलारसातून थंड होताना बनणारे खनिज आहे. दरीच्या वरच्या कडेवर ऑलिव्हिनयुक्त खडक आहेत. तेथून हे कण आले असतील तर कदाचित ते आणि सल्फेट दोन्ही जीवाला सोसवणार नाही इतक्या उच्च तापमानाला चिखलात घुसले असतील. तसे असेल तर ठिपके उष्णतेने झालेल्या साध्या रासायनिक अभिक्रियेचेही असू शकतात. अर्थात, एकाच दगडात जीवाच्या बाजूची आणि जीवाच्या विरोधातली अशा दोन्ही दिशांच्या खुणा एकमेकींना खेटून बसलेल्या होत्या. प्रश्न साधा होता, पण उत्तर जागेवर मिळणे शक्य नव्हते: हा दगड कधी तापला होता का?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे नोंद करून पुढे जाणे. विवराच्या कडेची लांब चढण ऑगस्टमध्ये सुरू करायची होती, आणि तिथे त्याहून जुने खडक वाट पाहत होते. जीवाचे अवशेष जुन्या खडकांत सापडतील अशी सर्वसाधारण अपेक्षा असताना ब्राइट एंजलचा गाळ मोहिमेने तपासलेल्या खडकांपैकी तुलनेने नवा होता. या पर्यायाला वेळापत्रकाचे पाठबळ होते.

दुसरा पर्याय थांबून सर्व उपकरणांनी तपासण्याचा होता, पण नमुना न घेता. निम्म्याहून अधिक नळ्या वापरून झाल्या होत्या आणि उरलेली प्रत्येक नळी ही एका भावी शोधाची किंमत होती. शिवाय ड्रिलने घेतलेला गाभा, म्हणजे दगडातून काढलेला दंडगोल तुकडा, हाती लागेलच याची खात्री नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये घेतलेला पहिलाच प्रयत्न फसला होता. दगड भुसभुशीत निघाला, त्याचा चुरा झाला आणि नळी रिकामीच राहिली.

तिसरा पर्याय म्हणजे दोन्ही करायचे: आधी तपासायचे, मग ड्रिल करायचे. यात एक क्रमाचा पेच होता. ड्रिलच्या ठोक्यांनी दगड तडकला तर मूळ पृष्ठभागावरची मोजमापे नंतर घेता येत नाहीत. म्हणून ठिपक्यांची अखंड पृष्ठभागावरची रासायनिक नकाशे आधी हवीत, मग दगडाचा वरचा थर घासून आत पाहायचे आणि सर्वांत शेवटी गाभा काढायचा. वेळ सर्वांत जास्त याला लागणार होता, हे उघड होते.

चौथा प्रश्न दगडापेक्षा लोकांविषयीचा होता. बातमी कधी द्यायची? विश्लेषण संपल्यावर, की आधीच? गप्प राहिले तर छायाचित्रे मोहिमेच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे लवकरच सर्वांना दिसणारच होती, आणि मग कुणीतरी दुसऱ्याच शब्दांत ती सांगितली असती.

काय केले

गटाने तिसरा पर्याय निवडला. दगड दिवसा आणि रात्री, शक्य त्या सर्व कोनांतून टिपला गेला. शेरलॉकने सेंद्रिय कार्बनाचा संकेत नोंदवला. पिक्सल हे दुसरे उपकरण क्ष-किरणांचा सुमारे १२० मायक्रॉन जाडीचा झोत दगडावर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर सरकवते आणि प्रत्येक ठिकाणी कोणती मूलद्रव्ये किती आहेत ते मोजते. एवढ्या बारीक झोताने मिलिमीटरभर डागाच्या कडेवरून आत जाताना रसायन कसे बदलते हे रेषेसारखे काढता येते. तसे काढल्यावर काळ्या कडांत लोह आणि फॉस्फरस एकत्र आढळले. डागांच्या आत लोह आणि गंधक एकत्र सापडले. मग दगडाचा एक भाग घासून पांढराफटक पृष्ठभाग उघडा करण्यात आला आणि शेजारी गाभा काढण्यात आला. २१ जुलै २०२४ रोजी काढलेला हा रोव्हरचा २२ वा दगडी गाभा. त्याला ‘सफायर कॅनियन’ नाव मिळाले. दोन दिवसांनी रोव्हरने ६२ छायाचित्रे जोडून स्वतःचे चित्र घेतले, त्यात ड्रिलचे काळे छिद्र आणि त्याच्या बाजूचा घासलेला पांढरा वर्तुळ हे दोन्ही स्पष्ट दिसतात.

बातमी २५ जुलैला दिली गेली, म्हणजे गाभा काढल्यानंतर चार दिवसांनी. तीत जीवाच्या शक्यतेसोबत ऑलिव्हिनची अडचणही त्याच दमात सांगितली होती, आणि रोव्हरच्या उपकरणांना या दगडातून आता आणखी काही काढता येणार नाही, असेही गटाने स्पष्ट केले. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत शिस्तबद्ध निर्णय. वाचकाला शंका नंतर कुणी शत्रूने सांगावी यापेक्षा पहिल्या दिवशी शोधणाऱ्याने सांगावी, हे १९९६ च्या अनुभवातून आलेले शहाणपण आहे.

त्यांनी सात पायऱ्यांचे एक मापही वापरले. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी जीवशोधाच्या दाव्यांसाठी ते सुचवले होते. पहिल्या पायरीवर संभाव्य संकेत दिसतो, दुसऱ्या पायरीवर बाहेरची अशुद्धी नाही हे दाखवावे लागते, मग अशा परिसरात जीव असे काही निर्माण करू शकतो का हे पाहावे लागते, जीवाशिवायची सर्व कारणे तपासून दूर करावी लागतात, त्यानंतर वेगळ्या प्रकारचा स्वतंत्र संकेत मिळवावा लागतो आणि वरच्या पायऱ्यांवर इतर गटांनी पुढील निरीक्षणांतून खात्री करावी लागते. चेयावा फॉल्सचा दगड या जिन्याच्या तळाशीच उभा आहे. हे माप वापरल्यामुळे गटाला ‘आम्हाला जीव सापडला’ आणि ‘काही नाही’ यांच्या मधली जागा शब्दांत मांडता आली.

वर्षभराचे विश्लेषण

१० सप्टेंबर २०२५ रोजी नेचर या नियतकालिकात सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. काळ्या कडांमधील लोह-फॉस्फरसचे प्रमाण व्हिव्हियनाइट या जलयुक्त लोह फॉस्फेटशी जुळते आणि आतील लोह-गंधकाचे प्रमाण ग्रेगाइट या लोह सल्फाइडशी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पृथ्वीवर व्हिव्हियनाइट सरोवरांच्या तळाच्या गाळात आणि दलदलीच्या मातीत मिळते, बहुतेकदा जेथे सेंद्रिय द्रव्य कुजत असते. ग्रेगाइट सल्फेटचे क्षपण करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होऊ शकते. ही दोन खनिजे सेंद्रिय कार्बनाजवळ, एका ठरावीक रचनेत, एकाच डागात सापडणे म्हणजे लोह आणि गंधक दोन्हींचे क्षपण गाळ बसल्यानंतर घडले, असे सांगणारा साचा आहे. एवढेच म्हटले असते तर निबंध १९९६ सारखा वाटला असता. महत्त्वाचा भाग त्यापुढचा आहे.

शोधकर्त्यांनी मोठा भर ‘हे जीवाशिवाय कसे घडेल’ या प्रश्नावर दिला. सल्फेटपासून सल्फाइड जीवाशिवाय बनवायचे तर सेंद्रिय द्रव्यासोबत दगड साधारण दीडशे अंश सेल्सियसच्या पुढे तापलेला असायला हवा. दगडात तसे तापल्याची लक्षणे दिसली नाहीत. सेंद्रिय द्रव्याकडून लोहाचे क्षपण जीवाशिवायही कमी तापमानात होऊ शकते, आणि हा मार्ग त्यांनी बंद केलेला नाही. वेग आणि परिस्थिती अजून पुरेशी तपासलेली नाही, एवढे ते मान्य करतात. म्हणून त्यांनी वापरलेला शब्द आहे ‘संभाव्य जैवखूण’: जिचा उगम जैविक असू शकतो, पण जीव होता किंवा नव्हता हे ठरवायला अजून माहिती हवी.

उपकरणांची मर्यादाही स्पष्ट आहे. पिक्सल मूलद्रव्यांचे प्रमाण सांगते, स्फटिकरचना सांगत नाही. त्यामुळे ग्रेगाइट हे नाव प्रमाणांवरून निघालेला अंदाज आहे, हातात घेऊन ओळखलेला स्फटिक नाही.

निष्पत्ती

आजची स्थिती अशी आहे की दगड जागेवर आहे, गाभा टायटॅनियमच्या नळीत सीलबंद आहे आणि ती नळी रोव्हरसोबत प्रवास करते आहे. निर्णायक ठरतील अशी मापने पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतच होऊ शकतात. गंधकाच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड प्रकारांचे, प्रमाण त्यांपैकी पहिले. सूक्ष्मजीव सल्फेटचे क्षपण करताना हलक्या गंधकाला पसंती देतात, म्हणून त्यांनी बनवलेल्या सल्फाइडमध्ये हलक्या समस्थानिकाचे प्रमाण वाढलेले असते. तीच कसोटी लोहाला आणि कार्बनलाही लावता येते. स्फटिकांचे नॅनोमीटर पातळीवरचे निरीक्षण ही तिसरी गरज. चण्याच्या दाण्याएवढा तुकडाही या सर्वांसाठी पुरेसा ठरू शकतो.

तो आणण्याची योजना मात्र डळमळीत झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने नमुने परत आणण्याचा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असे सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये नासाने ११ अब्ज खर्च आणि २०४० पर्यंतची वाट या दोन्ही गोष्टी अमान्य केल्या. जानेवारी २०२५ मध्ये उतरण्याचे दोन पर्याय एकाच वेळी तपासण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सरकारी अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात मोहीम रद्द करण्याचे सुचवण्यात आले. चीनची तियानवेन-३ मोहीम २०२८ च्या सुमारास निघून २०३१ च्या आसपास मंगळाचे नमुने आणण्याचे ठरवते आहे, पण ती जेझेरोमध्ये उतरणार नाही. तिला या गाभ्याला हात लावता येणार नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट नळ्यांच्या ठेवीची. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात रोव्हरने दहा नळ्या ‘थ्री फोर्क्स’ या सपाट जागी जमिनीवर ठेवल्या. रोव्हर बिघडला तरी निदान तेवढे नमुने उचलता यावेत, हा त्यामागचा विचार समंजस होता. पण सफायर कॅनियन त्या ठेवीत नाही, कारण तो त्यानंतर दीड वर्षाने काढला. आज सर्वांत मोलाचा गाभा फक्त रोव्हरच्या आत आहे आणि रोव्हर उंचसखल भागात चालतो आहे. चेयावा फॉल्सजवळ दुसरा गाभा काढून नळी तिथेच, पुन्हा सापडेल अशा जागी ठेवता आली असती का? यासाठी आणखी एक नळी, काही दिवस आणि दुसरा ड्रिल अयशस्वी होण्याची जोखीम लागली असती. जुलै २०२४ मध्ये कुणालाही त्या दगडाचे मोल नक्की माहीत नव्हते, म्हणून त्यांना दोष देणे योग्य नाही. पण ज्या दगडावर सर्व उपकरणे वापरण्याइतकी शंका आली, त्याचा दुसरा गाभा निदान विचारात घ्यावा असा नियम पुढच्या मोहिमांनी करावा.

दुसरी गोष्ट नियंत्रण नमुन्याची. संशयाच्या दगडासोबत ‘कमी संशयाचा’ शेजारीही नळीत हवा: तोच चिखल, तशाच शिरा, पण ठिपके नाहीत. असा जोडीदार असता तर दोन्हींच्या समस्थानिकांची तुलना करून ठिपक्यांतला फरक सांगता आला असता. एकट्या नमुन्याबद्दल ‘हे प्रमाण या खडकाचे नेहमीचेच असेल’ ही हरकत राहते.

तिसरी गोष्ट बातमीबद्दल, आणि येथे माझे मत विभागलेले आहे. चार दिवसांत बातमी देणे योग्य होते, कारण शंका सोबत सांगितल्या. पण पुढच्या चौदा महिन्यांत लोकांपर्यंत पोहोचलेला सारांश ‘बिबट्याचे ठिपके’ एवढाच राहिला, ऑलिव्हिनचा प्रश्न फार थोड्यांना आठवला. मधल्या काळात एकदा तरी, निबंधाची वाट न पाहता, ‘दगड तापला होता का, याचा तपास कुठवर आला’ याबद्दल साध्या भाषेतला अहवाल देता आला असता.

चौथी गोष्ट पृथ्वीवर आजच करण्यासारखी आहे. जेझेरोच्या चिखलासारखे लोह, सल्फेट, फॉस्फेट आणि सेंद्रिय द्रव्य यांचे मिश्रण निर्जंतुक स्थितीत, कमी तापमानाला, वर्षानुवर्षे ठेवून पाहता येईल; त्यात कधी काळी कडा आणि फिका गाभा असलेले ठिपके तयार झाले तर जीवाशिवायचा मार्ग खुला होईल, आणि न झाले तर जिन्याची चौथी पायरी थोडी जवळ येईल. असा प्रयोग गाभ्याची वाट पाहत नाही, त्याला यान लागत नाही, आणि गाभा परत येईल तेव्हा त्याच्याशी तुलना करायला मापने तयार असतील.